दुसरा पुरावा

न्हाई. लायब्ररीचं कार्ड असं रद्द होत न्हाई. — असं कसं म्हणजे? असंच. आधी बसा तुम्ही, उभ्याउभ्या बोललेलं माझ्या डोक्यात शिरत न्हाई. ती खुर्ची नको, तिचा पाय ढिला हाय, ती मी प्राचार्यांसाठी ठेवली हाय — ही घ्या. हां. पाणी? माठातलं हाय, फ्रिजचं न्हाई. तर तुम्ही सटवाजीराव, आरतीचे वडील. सकाळीच जीप काढून गावाकडून आलात, रूमवर गेलात, पोरगी रूमवर न्हाई. क्लासवर गेलात, तिथं रविवारची टेस्ट चालू, पोरगी तिथं पण न्हाई. मग संगप्पा सरांनी बोट दाखवलं — कॉलेजच्या लायब्ररीत बघा, ती अख्तरी मॅडम पोरं नासवून राहिली. असंच म्हणाले ना? खाली काय बघता, मला माहीत हाय काय म्हणतात ते. लातुरात माझ्याबद्दल कोण काय बोलतं ते गंजगोलाईच्या बाजारातून माझ्याकडं यायला चहा उकळण्याएवढा पण वेळ लागत न्हाई.

संगप्पा सरांचं मला नका सांगू. ह्याच कॉलेजात बारावी केली त्यानं. पुस्तक कधी नेलं न्हाई, गाईड तेवढं न्यायचा, आणि परत आणून द्यायचा तेव्हा उत्तरांची पानं गायब. आज शहरभर बोर्ड लागलेत त्याचे — पोरांचे फोटो बिस्किटाएवढे आणि ह्याचा दाराएवढा. शिकवतो म्हणे. काय शिकवतो? चार पर्यायांतला एक कसा उचलायचा ते. आणि चारही चुकले असले तर? प्रश्न काढणाराच चुकला असला तर? ते त्याच्या क्लासमध्ये न्हाई. पोरं येतात माझ्याकडं — अहमदपूरहून, मुखेडहून, पार लोह्याहून, दहावीला नव्वद टक्केवाली — आणि काय विचारतात? मॅडम, ह्यात उत्तर कोणत्या पानावर हाय? पुस्तक हातात घ्यायच्या आधी पान पाहिजे. मागं सूची असते, पुढं अनुक्रमणिका असते, हे नव्वद टक्क्यांना ठाऊक न्हाई. आईबापांनी सगळं सोडून ह्यांना इथं आणून ठेवलंय आणि ह्यांना पुस्तक कोणत्या बाजूनं उघडतं ते कळत न्हाई. सीईटी पास होतील, हाव, होतील की. डॉक्टर पण होतील. पेशंटनं पाचवी तक्रार सांगितली की मात्र खिडकीबाहेर बघत बसतील.

मी काय शिकवते? मी शोधायला शिकवते. हसा, हसा, प्राचार्य पण हसतात. शनिवारचा शेवटचा तास मी भांडून घेतलाय, आणि रविवारी लायब्ररी उघडायला मला कुणी सांगितलेलं न्हाई, मीच उघडते. माझा नियम एकच हाय — प्रश्न तुझा पाहिजे. सरांचा न्हाई, सिलॅबसमधला न्हाई. ज्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तुला चैन पडणार न्हाई असा आण. पहिले काही शनिवार पोरं नुस्ती माझ्या तोंडाकडं बघतात. सतरा वर्षांचं लेकरू, आणि त्याच्याकडं स्वतःचा एक प्रश्न नसतो हो, एवढी पुसून स्वच्छ करून पाठवतात ह्यांना इथं. मग एखादं निघतं. आपला यासेर — मुखेडकडचा, लाजाळू, चष्मेवाला — त्यानं विचारलं, आमच्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव का करतात, तोंडानं का न्हाई बोलत? आता ह्याला म्हणायचा प्रश्न. संगप्पाच्या सगळ्या बोर्डांवर ह्याच्या तोडीचा एक प्रश्न दाखवा मला.

आता हे तुम्हाला कळणार न्हाई, पण आलातच तर ऐका. एकदा नांदेडला आम्हा लायब्ररीवाल्यांना ट्रेनिंगला बोलावलं होतं. एक बाई आल्या होत्या, पडद्यावर दाखवून राहिल्या होत्या, की पोरगं काही शोधायला बसलं की त्याच्या मनात काय काय होतं. आधी हुरूप येतो, मग गोंधळ, मग भीती, मग कुठंतरी वाट दिसते. आमचे लोक जेवण कधी लागतंय म्हणून घड्याळ बघत होते. मी पण म्हटलं, काय नखरे हायत, पुस्तक द्यायचं का नाडी बघायची? पण परत येताना एस.टी.त तेच घोळत राहिलं डोक्यात. म्हटलं, पोरं माझ्याकडून पळतात ती कधी? पहिल्या दिवशी न्हाईत पळत. पहिल्या दिवशी लई जोरात असतात. पळतात ती गोंधळाच्या दिवशी. एका पुस्तकात एक, दुसऱ्यात भलतंच, मग लेकराला वाटतं मीच ढ हाय, बाकी सगळ्यांना जमतंय. आणि ते ढ नसतंय — ते खरं शोधायला लागलेलं असतंय. पण हे त्याला सांगणार कोण? सर म्हणतात, नोट्समध्ये हाय ना, सोड. बाप म्हणतो, टेस्टमध्ये येतंय का, न्हाई ना, सोड. तेव्हापासून मी त्या दिवशी लेकराच्या शेजारी खुर्ची टाकून बसते. समजूत काढत न्हाई मी, ते मला जमत न्हाई. रड म्हणते. रडून झालं की दुसरं पुस्तक काढ. एका जागी छापलंय म्हणून खरं मानायचं न्हाई, दुसरा पुरावा बघायचा, एवढंच. चेहरा बघून सांगते मी, कुणाचं कुठं अडलंय ते. एवढे क्लास हायत ह्या शहरात, एका सराला विचारा, पोरांना भीती कधी वाटते. परीक्षेत म्हणतील. तेवढीच अक्कल.

काय? — पुन्हा बोला, नीट ऐकू न्हाई आलं.

मुलगा. — अस्सं. म्हणजे टेस्ट बुडाली हे नुस्तं सांगायला, खरं दुखणं हे हाय. रूमवरच्या पोरींनी सांगितलं, आरती रात्री रडते, डबा तसाच परत जातो, रविवारी कुठं जाते सांगत न्हाई. आणि तुम्ही जीपमध्ये बसल्याबसल्या उत्तर काढून मोकळे झालात. शाबास. पोरगी रडली, मुलगा. पोरगी गप बसली, मुलगा. उद्या तिला ताप आला तरी डॉक्टरकडं न्यायच्या आधी गल्लीतली पोरं मोजाल तुम्ही. मला वाटायचं संगप्पाकडंच चार पर्याय हायत, तुमच्याकडं तर एकच हाय.

न्हाई, मी सांगत न्हाई. आत कोण बसलंय, काय वाचतंय, कशासाठी वाचतंय, ते ह्या दाराच्या बाहेर जात न्हाई. प्राचार्यांनी विचारलं होतं, न्हाई सांगितलं. एकदा एक हवालदार येऊन बसला होता, तुम्ही बसलात तिथंच, त्याला पण न्हाई सांगितलं. लेकरं माझ्याजवळ मनातलं बोलतात ते ह्याच भरवशावर. नकोत तुमच्या शपथा. शपथा घेणारे लई बघितले मी.

काय म्हणालात? बिऱ्हाड उचलून नेतो? आजच? — बारावी राहू द्या, उन्हाळ्यात उजवून टाकतो? — वा. वा सटवाजीराव. चांगल्या कपड्यातला माणूस, खिशात मोबाईल, दारात जीप, आणि आत बघावं तर हे. एका पोरीनं तीन टेस्ट बुडवल्या म्हणून तिच्या गळ्यात हार घालायला निघालात. तुम्हाला काय ठाऊक हाय हो तिच्याबद्दल? मार्क ठाऊक हायत. रूमचा पत्ता ठाऊक हाय. माझ्याकडं अशी पोरगी दहा वर्षांत आलेली न्हाई, आणि तुम्ही तिला —

बरं. ऐका मग. तुमच्यासाठी न्हाई सांगून राहिले, तिचं वाटोळं होऊ नये म्हणून सांगते. मुलगा बिलगा काही न्हाई. पेपर हायत. जुने पेपर. त्र्याण्णवच्या ऑक्टोबरचा गठ्ठा हाय माझ्याकडं आतल्या खोलीत, माझे अब्बा बाइंडिंगचं काम करायचे, त्यांनी शिवून दिलेला. चार पेपर, चार शहरांचे. कुणी मागत न्हाई. सोळा वर्षांत कुणी मागितला न्हाई, आणि ह्या जूनमध्ये तुमची आरती आली. प्रश्न काय तिचा? — आमचं जुनं गाव कसं होतं? बस, एवढाच. म्हणाली, मॅडम, आमच्या घरात सारखं म्हणतात, जुन्या गावात असं होतं, जुन्या गावात तसं होतं, आणि मी विचारलं की गप होतात. मला फक्त नवं गाव माहीत हाय, सरळ गल्ल्या, सारखी घरं, घरावर नंबर. बापूंना विचारलं तर म्हणाले, दगडं होती, दगडं पडली. — तुम्हीच म्हणालात ना हे? हाव, तुमच्यासारखंच वाटतं बोलणं. लेकरानं आपलं घर कुठं होतं विचारलं आणि तुम्ही तिच्या हातात दगड दिलात. मग ती माझ्याकडं न येऊन कुठं जाणार?

आणि काय शोधलं हो तिनं. आधी नकाशा काढला, जुन्या गावाची वेस, ओढा, मारुती, सगळं. मग फोटो शोधायला लागली. म्हणाली, मॅडम, पेपरवाले तेव्हा आले असतील, त्यांनी काढले असतील, त्यात आमचं घर असेल, पडलेलं का असेना. हे तिचं तिनं काढलं, मी न्हाई सांगितलं. एकेक पान उलटायची. ते पेपर बघवत न्हाईत भाऊ, मला ठाऊक हाय, मी स्वतः ते उघडत न्हाई. विसर्जन करून लोक झोपले आणि — जाऊ द्या, तुम्हाला कशाला सांगायचं ते, तुम्ही त्यातनंच आलात. पण पोरगी हलली न्हाई. जेवायला उठवलं तरच उठायची. तुमच्या घरून सकाळच्या एस.टी.नं डबा येतो ना तिचा, सिंधुताई पाठवतात तो, त्यातली शेंगदाण्याची चटणी मला काढून ठेवायची. मी सिंधुताईंना बघितलेलं न्हाई, पण हाताला चव हाय त्या बाईच्या. आणि आई किती करते म्हणून सांगायची आरती — माझ्या आईला लिहिता येत न्हाई मॅडम, पण डब्याच्या झाकणाखाली कागदात फूल घालते.

तर फोटो सापडला. तीन आठवडे झाले, रविवारच होता. गावाचं नाव छापलेलं, आणि फोटोत तुम्ही. हाव, तुम्हीच. बनियनवर, दगडाच्या ढिगावर बसलेले, मांडीवर तान्ही आरती, मागं नुस्ती दाराची चौकट उभी. पोरगी आनंदानं ओरडली असेल म्हणता? मला पण तेच वाटलं, मी उठून गेले बघायला. आता ह्यातली गंमत ऐका, म्हणजे पेपरवाले काय लायकीचे असतात ते कळेल तुम्हाला. खाली काय छापलंय? भूकंपात पत्नीला गमावलेले सटवाजी, आपल्या तान्ह्या मुलीसह. — बघा. तिकडं सिंधुताई धडधाकट, सकाळी उठून भाकरी थापून राहिल्या, डबे पाठवून राहिल्या, आणि इकडं पेपरात मारून टाकली बाईला. मी हसले. म्हटलं, आरती, घरी जाऊन आईला सांग, तू सोळा वर्षांपूर्वी पेपरात आली होतीस म्हणावं. फोटोवाले असेच असतात, धा गावं फिरायची, धा फोटो काढायचे, आणि नावं टाकायची ऑफिसात बसून, ह्याची बायको त्याच्या नावावर. तिनं विचारलं, मॅडम, चुकतं असं? म्हटलं, लई चुकतं. पण चुकलं हे तू नुस्तं म्हणून चालणार न्हाई, सिद्ध कर. दुसरा पुरावा काढ. बाकीचे तीन पेपर बघ, नंतरचे महिने बघ. तेवढंच करून राहिली ती, तीन रविवार, टेस्ट बुडवून. एका छापलेल्या ओळीवर विश्वास न ठेवता. आता सांगा तुमच्या संगप्पाला, असं एक पोरगं तयार करून दाखव म्हणावं. मी हसले, ती न्हाई हसली, पण ते मी —

तुम्ही पण न्हाई हसून राहिलात.

पाणी घ्या. घ्या ना. — सटवाजीराव. ती चूक हाय ना? पेपरातली. चूक हाय म्हणा ना. संसार तुमचा हाय, तुम्हाला ठाऊक असणार. — असं बघू नका माझ्याकडं. बोला काहीतरी.

— कोण? — धाकटी बहीण. म्हणजे सिंधुताई — म्हणजे आरतीची मावशी. — त्याच वर्षी लावून दिलं तुमचं. — हाव, ऐकून राहिले मी, बोला तुम्ही. — मारुतीसमोर बसून ठरवलं गावानं. ज्या लेकरांना कळत न्हाई त्यांना सांगायचं न्हाई. पहिली कोण, दुसरी कोण, कुणी कुणाच्या घरचं काढायचं न्हाई. सगळ्या गावानं पाळलं. सोळा वर्षं. म्हाताऱ्यांनी पाळलं, बायकांनी पाळलं, भांडणात पण कुणाच्या तोंडून निघालं न्हाई. आणि एका फोटोवाल्यानं नाव बरोबर लिहून घेतलं होतं.

न्हाई, तुम्ही थांबा जरा, मला बोलू द्या. ती मला विचारून राहिली होती — मॅडम, चुकतं असं? तोंड पांढरं पडलं होतं तिचं. मी बघितलं ते, मला दिसलं. आणि मला वाटलं गोंधळाचा दिवस हाय. मी आपली खुर्ची टाकून बसले शेजारी. रड म्हटलं. मोठी मी चेहरे वाचणारी. नांदेडहून शिकून आलेली. लेकरू माझ्याकडं एवढंच मागत होतं की पेपर खोटा हाय म्हणा, आणि मी तिला शिस्त शिकवली. सिद्ध कर म्हटलं. आई मेली न्हाई हे सिद्ध कर. तीन रविवार ती काही शोधून न्हाई राहिली, देव करो आणि काही न सापडो म्हणून पानं उलटून राहिली. डबा परत जातो म्हणालात ना. जाणारच. तो डबा खायचा कसा, कुणाच्या हातचा म्हणून खायचा. संगप्पा मूर्ख हाय, पण तो निदान पोरांच्या मनातलं मला कळतं म्हणून सांगत तरी न्हाई. मी तर सांगत फिरते.

आणि आता तुम्हाला पण सांगून बसले. बाहेर जात न्हाई म्हणे. लग्नाचं नाव काढलंत तुम्ही, तेवढ्यात माझी जीभ सुटली. तिनं मला सांगितलं होतं, बापूंना कळू देऊ नका, बापूंना त्रास होईल. हाव. असंच म्हणाली ती. तुम्हाला त्रास होईल. तुम्ही इकडं तिच्यासाठी मुलगा शोधून राहिलात, आणि ती तिकडं रात्र रात्र रडून तुम्हाला वाचवून राहिली. रडू नका हो इथं. पुरुष माणूस रडला की मला काय करावं कळत न्हाई. कार्डाचं नंतर बघू, कार्डाला काय आग लागली हाय.

आत हाय ती. हाव, आतच हाय, सकाळपासून. खिडकीकडच्या टेबलावर. मी उठवायला जाणार न्हाई, माझ्याच्यानं आता तिच्याकडं बघवायचं न्हाई. तुम्ही जा. क्लासचं काढू नका, टेस्टचं काढू नका, आवाज चढवू नका. शेजारी बसा नुस्ते, ती बघेल तुमच्याकडं. तिच्याजवळ सगळं हाय, गाव हाय, घर हाय, तुमचा फोटो हाय. फक्त त्या बाईचं नाव न्हाई. पेपरात नुस्तं पत्नी छापलंय. काय हो नाव होतं —

न्हाई. थांबा. मला नका सांगू. मला कशाला सांगता? उठा. आत जाऊन तिला सांगा.